चेलो बसून वाजवतात हो!

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला यो-यो मा यांच्यावरचा लेख वाचला. एका चेलोवादकाला आपण अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार आत्ताच मानून ठेवते. पुढे मानणं जमेलसं वाटत नाही.

लेखासोबतच्या फोटोखाली 'चेलोवादनात तल्लीन कलाकार' अशी ओळ आहे. कलाकार तल्लीन आहे, यात वाद नाही. पण तो मा नव्हे, कुणी भलताच आहे. शिवाय तो उभा आहे, वाद्य त्याच्या डोक्याच्या वर गेलंय आणि वाद्याचे खांदे उतरते आहेत. त्याला डबल बेस म्हणतात. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातलं, पण डबल बेसहून लहान वाद्य. ते खुर्चीत बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. त्याच्या तारा पंचमाच्या अंतराने लावतात, आपल्या भाषेत सा-प-रे-ध. डबल बेसच्या लावतात मध्यमाच्या अंतराने. दोन्ही 'मोठी व्हायोलिनंच' असतील, तर सतार आणि तंबोऱ्याचे फोटोही खुशाल अदलाबदल करा.

एका फोटोवरून बाई एवढी का तडकली, असं वाटेल. सांगते. माझी मुलगी इथे मॅसॅच्युसेट्सला शाळेत नऊ वर्षं चेलो शिकली. आधी अर्ध्या मापाचा, मग पाऊण, मग पुरा. तो उचलायचं काम माझ्याकडे. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "केवढं मोठं गिटार!" तेही हसून सोडून द्यायची सवय झाली होती. २००८ च्या उन्हाळ्यात तिला एका संगीत शिबिराला विमानाने न्यायचं होतं. चेलोचं वेगळं तिकीट काढलं, खिडकीची सीट घेतली. विमानात चढायच्या दारापाशी तिथल्या गृहस्थांनी हात आडवा केला. डबल बेस आत नेता येणार नाही म्हणे. मी म्हटलं, हा चेलो आहे. ते म्हणाले, "एकच की." मागे रांग खोळंबलेली, मुलगी माझी बाही ओढतेय. शेवटी चेलो खाली सामानात गेला. उतरल्यावर पेटी उघडली तर घोडी आडवी पडलेली आणि मान बुंध्याशी तडकलेली. पोरगी रडली नाही. वाजवायला काही उरलं नव्हतं, तरी तिथेच जमिनीवर बसून गजाला राळ घासत राहिली. चेलोच्या सीटचे पैसे परत मिळवायला मला पाच महिने पत्रं लिहावी लागली. (पत्रं लिहायची सवय तेव्हापासूनची.) २०१५ पासून इथे नियमच आहे: वाद्याचं तिकीट काढलेलं असेल, वजन १६५ पौंडांच्या आत असेल आणि ते सीटवर नीट बांधता येत असेल, तर ते केबिनमध्ये घ्यावं लागतं. आम्हाला त्याचा उपयोग शून्य. तेव्हा 'एकच की' आपल्या पुरवणीत वाचायची माझी तयारी नव्हती.

आता मजकुराकडे. "मा अभिजात संगीताची चौकट मोडून फ्यूजनकडे वळले" असं वाक्य आहे. कधी वळले? जर्मन संगीतकार बाखचे सहा सेलो सुइट्स, म्हणजे एकट्या चेलोसाठीच्या सहा रचनामाला (हो, आपल्या लेखात 'सेलो'ही आहे आणि 'चेलो'ही, एकदा काय ते ठरवा) त्यांनी तीनदा ध्वनिमुद्रित केले. पहिली मुद्रणं १९८३ ची, दुसरी नव्वदच्या दशकातली, तिसरी २०१८ ची, म्हणजे वयाच्या साठीनंतर. मधल्या काळात गायक बॉबी मॅकफेरिनबरोबर गाणं झालं, १९९६ ला व्हायोलिनवाले मार्क ओकॉनर आणि डबल बेसवाले एडगर मेयर यांच्यासोबत अ‍ॅपलेशियन, म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातली लोकधून झाली, १९९७ ला अर्जेंटिनाच्या पियाझोलाचा टँगो झाला. २०१८ पासून तेच सहा सुइट्स घेऊन ते जगभर फिरले. सलग, मध्यंतराशिवाय, दोन तासांहून अधिक. याला वळणं म्हणत असाल तर आमचे शेजारी रोज संध्याकाळी फिरायला जातात, तेही घर सोडूनच जातात म्हणायचे.

१९९९ च्या 'सिंपली बरोक' या अल्बमसाठी तर त्यांनी आपल्याकडचा १७१२ चा स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे स्ट्रॅडिव्हेरी या इटालियन कारागिराने बनवलेला चेलो, जुन्या पद्धतीने लावून घेतला. खालची टोकदार दांडी काढली आणि वाद्य पोटऱ्यांत धरलं. चाळिशी उलटलेल्या, नावाजलेल्या वादकाने बसायची पद्धतच नव्याने शिकायची! दुसऱ्याच्या दारात जाऊन शिकायचं आणि मग आपल्या घरी परत यायचं, ही या माणसाची रीत. यावर लेखात एक ओळ नाही. टॅक्सीवर मात्र तीन परिच्छेद! १९९९ मध्ये न्यूयॉर्कला ते चेलो टॅक्सीच्या डिकीत विसरले, हे खरं आहे. मोंतान्याना या कारागिराने बनवलेला १७३३ चा चेलो, किंमत पंचवीस लाख डॉलर, त्याच दिवशी सापडला. पंचवीस लाख आपण दोनदा छापलेत. मुद्रणांची सालं एकदाही नाहीत.

आणि सिल्क रोडचा उल्लेख करताना तबल्यावरचे संदीप दास कसे सुटले? देशोदेशीच्या वादकांना एकत्र आणणारा तो प्रकल्प मा यांनी १९९८ ला सुरू केला. पिपा हे चिनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या वू मान, कमांचे या इराणी गजवाद्याचे वादक केहान कल्होर, यांच्या पंगतीला आपला तबला होता. २०१७ ला त्यांच्या 'सिंग मी होम' या अल्बमला ग्रॅमी मिळालं, त्यातही संदीप दास आहेत. मराठी वाचकाला हात धरून आत न्यायला तबल्याइतकं सोपं दार दुसरं कुठलं होतं? ते बंद ठेवून आपण त्याला टॅक्सीत बसवलंत.

फोटोची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, आणि बातमीच्या आकारात छापावी. मुंगीएवढ्या अक्षरांत 'दिलगीर आहोत' नको. जाता जाता आणखी एक. ई-पेपरात रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं सोमवारी नसतात, मंगळवारीही नसतात. गेल्या तीन कोड्यांत माझा 'आडवे १२' अडकून पडलाय.

आपली,
एक वाचक, बॉस्टनजवळून