भावंडे, प्रेम आणि न वाटलेली जमीन

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार. ‘त्या काउबॉयांच्या प्रेमकथांत तुला एवढे काय सापडते?’ असे तू मागच्या पत्रात विचारलेस. त्यातला टोमणा पोहोचला, तरी उत्तर मी गंभीरपणेच देणार आहे.

या कथामालांची ठेवण तुला ठाऊक आहेच. माँटाना, वायोमिंग किंवा टेक्साससारख्या राज्यातले एक रँचवाले (म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या कुरणाचे मालक) कुटुंब, वडील बहुधा दिवंगत, चार-पाच भावंडे आणि प्रत्येकाच्या लग्नाला एक स्वतंत्र पुस्तक. त्यात मृत्युपत्रातली एखादी विचित्र अट, शहरातून परतलेला धाकटा आणि बँकेचे कर्ज. नायकाच्या रुंद खांद्यांची वर्णने मी सरळ ओलांडून जाते. मी वाचते ती जमिनीसाठी, कारण माझ्या मते या मालिकांचे खरे कथानक ‘रँच वाटायची नाही’ या हट्टाचे आहे आणि लग्ने त्या हट्टाच्या सोयीने जुळतात.

हा हट्ट वरवर भावनेचा वाटतो, पण त्यामागे कोरड्या मुलखाचा हिशेब आहे. अमेरिकेतल्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन देऊ केली. (ही जमीन मुळात कोणाकडून हिरावली, याबद्दल यातल्या बहुतेक कादंबऱ्या मौन पाळतात, ते मला खटकते.) पूर्वेकडच्या पावसाच्या प्रदेशात तेवढ्यावर भागत असे, पण पश्चिमेच्या विरळ गवतावर गुरांचा कळप पोसणे त्यात शक्य नव्हते. पश्चिमेची पाहणी करणारे भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात अशा ठिकाणी एका कुटुंबाला २,५६० एकर कुरण द्यावे, असे सुचवले होते. १९१६ मध्ये गुरे पाळणाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा मिळाले ते ६४० एकर. साहजिकच भावंडांनी शेजारशेजारच्या जमिनींवर आपापल्या नावाने मालकीहक्काचे दावे लावायचे आणि गुरे एकत्र चारायची, ही गरजच होती. त्यातच १८८६-८७ च्या हिवाळ्यात उघड्या माळांवर गुरे प्रचंड संख्येने मेली आणि थंडीसाठी गवत कापून साठवणे अटळ झाले. उन्हाळ्यात चराई डोंगरावर, गवताचे कुरण नदीकाठी आणि ओढ्याच्या पाण्यावर ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा पहिला हक्क, अशी ही मांडणी असते. थोरल्याला डोंगर आणि धाकट्याला नदीकाठ अशी वाटणी केली, तर दोघांचाही धंदा बुडतो. सातबाऱ्यावर लांबत जाणारी नावे आणि बांधावरून अबोला धरलेले भाऊ पाहिलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यात सर्वांत रंगतदार स्थान बहिणीचे. होमस्टेड कायद्यानुसार एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा लावता येई. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहितेला सहसा येत नसे. म्हणजे भावाचे लग्न रँचवर एक माणूस आणते, तर बहिणीच्या लग्नाने तिचे १६० एकर, आणि त्यात पाण्याचा झरा असला तर तोही, घराबाहेर जाण्याची भीती निर्माण होते. त्या काळात घडणाऱ्या कथेत लेखिकेने हा पेच नीट धरला, तर प्रेमप्रसंगालाही धार येते, कारण होकार देताना नायिकेला आपल्या मनाबरोबर भावांच्या गुरांचाही विचार करावा लागतो. आळशी लेखिका मात्र नायक म्हणून रँचचा फोरमन, म्हणजे मुकादम, किंवा शेजारचा मालक उभा करते आणि सगळेच प्रश्न एका चुंबनात सोडवते.

कादंबरीत शेवटी सगळी भावंडे एकाच टेबलाभोवती जेवतात. प्रत्यक्षात टेक्सासमधल्या वॅगनर कुटुंबाची पाच लाख एकरांहून मोठी रँच पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहिली खरी, पण १९९१ मध्ये वारसांच्या दोन शाखांत कोर्टकज्जा सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालला आणि २०१६ मध्ये अखेर ती रँच स्टॅन क्रोंकी या धनाढ्य उद्योजकाला विकली गेली. दोन्ही बाजूंचे पुरेसे दुःख दाखवणारी तशी कादंबरी कोणी लिहिली, तर मी रात्र जागून वाचेन. पण या प्रकारात सुखान्ताचा नियम मोडणे कोणाला परवडणार?

तुला वाचून पाहायचेच असेल, तर मालिकेतले बहिणीचे पुस्तक आधी घे. थोरल्याचे मागाहून वाचलेस तरी चालेल. त्याचे लग्न कोणाशी होणार, हे त्याच्या घोड्यालासुद्धा पहिल्या प्रकरणातच कळलेले असते.

तुझी,
मीरा