गड्या, आपली माणसं घाण नाहीत

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "सोड रे, आपल्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही. ते काही सुधारत नाहीत." चक्कीवर गिऱ्हाईक उभं होतं, पट्टा सुरू होता, म्हणून मी काही बोललो नाही. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. पुण्यातल्या कोणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. तू याच गल्लीत वाढलास, म्हणून उत्तर द्यायलाच हवं. फोनवर एवढं बोलणं व्हायचं नाही, तेव्हा कागद घेऊन बसलो.

आमच्या कुत्रीला, राणीला, मी रोज सकाळी फिरायला नेतो हे तुला ठाऊक आहे. मे महिन्यात पाचलाच निघावं लागतं, कारण ऊन चढलं की डांबर असं तापतं की तिचे पंजे भाजतात. बसस्टँडच्या मागून, आठवडी बाजाराचे ओटे, कापसाच्या जिनिंगची लांब भिंत, मग रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, ओलांडून पांदणीच्या कच्च्या वाटेनं वावराकडे, असा आमचा रस्ता. एरवी माणूस समोर बघून चालतो. कुत्रं जमीन हुंगत चालतं, घडीघडी थांबतं, आणि ते थांबलं की आपल्यालाही खाली बघावं लागतं. त्यामुळे गावात जमिनीवर काय पडलेलं असतं हे आता मला बरंच नीट माहीत आहे. त्यात या दिवसांत नाला कोरडा ठणठणीत. वर्षभर पाण्याखाली, बेशरमाच्या झुडपांत लपलेलं सगळं उघडं पडलेलं असतं.

सगळ्यात जास्त काय असतं, सांगू? खर्ऱ्याच्या पन्न्या. तळहाताएवढा प्लास्टिकचा पातळ तुकडा, मधे चुन्या-तंबाखूचा तपकिरी डाग, कधी त्याला अजून गुंडाळलेलं रबर. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना त्याच पन्नीत घालून घोटायचा आणि त्याच पन्नीत बांधून द्यायचा. 2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली, पण आपल्याकडे खर्रा आधीपासून होता आणि नंतरही राहिला. तो तोंडाचं काय करतो ते तुझ्या काकांच्या बाबतीत आपण दोघांनी पाहिलं आहे, त्यावर लिहीत नाही. मी पन्नीचंच बोलतो. बसस्टँडवरच्या एका ठेल्यासमोरच्या नालीत तिचा असा थर बसला आहे की खालचं सिमेंट दिसत नाही. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की तीच नाली तुंबते आणि पाणी समोरच्या चपलांच्या दुकानात शिरतं. दरवर्षी शिरतं.

आता याच रस्त्यावर जे दिसत नाही तेही ऐक. पाण्याची रिकामी बाटली संध्याकाळी पडली तर सकाळी नसते. पुठ्ठा नसतो, लोखंडाचा तुकडा नसतो, दुधाची जाड पिशवीही बऱ्याचदा नसते. का? त्याला भंगारात भाव आहे. पहाटे आमच्याही आधी दोन-तीन बाया आणि एक म्हातारा पोतं घेऊन फिरून गेलेले असतात. ज्या वस्तूला परत जायचा रस्ता आहे ती आपल्या गावात पडून राहत नाही. खर्ऱ्याची पन्नी, चिप्सचं चमकणारं पाकीट, शाम्पूची पुडी, पाण्याचं पाऊच, हे कोणी उचलत नाही. पोतंभर गोळा केलं तरी चहाचे पैसे सुटत नाहीत. माणसं तीच, रस्ताही तोच. लोकांना सवयच नसती तर बाटल्याही तशाच पडून राहिल्या असत्या ना?

आणि सवय नाही असं तू म्हणतोस तेव्हा तुझ्या आईचं अंगण आठव. उठल्याउठल्या शेणाचा सडा, वर रांगोळी. आजही आपल्या आळीत सात वाजायच्या आत प्रत्येक बाईनं दारापुढचं झाडलेलं असतं. झाडून ती ते नालीत किंवा कोपऱ्यावर लोटते. तिची सासूही असंच करायची, आणि त्यात काही चूक नव्हती. तेव्हाच्या केरात राख होती, चाऱ्याचा भुसा होता, भाजीची देठं, लिंबाचा पाला. ते उकिरड्यावर जायचं आणि उन्हाळ्यात बंडीत भरून वावरात. आपण दोघं तुमच्या उकिरड्याचं खत भरू लागलो होतो, आठवतं? घरातून बाहेर टाकलेलं मातीत जातं, हे पिढ्यान्‌पिढ्या खरं होतं. लोकांनी हात बदलला नाही. हातातली वस्तू बदलली, आणि ती बदलताना तिचं पुढं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

महाप्रसादाचं उदाहरण घे. पूर्वी पळसाच्या पानांच्या पत्रावळी असायच्या. रात्रभर बाया काड्या टोचत बसायच्या. जेवण झालं की पत्रावळी मंदिरामागच्या खड्ड्यात, गाई काही खायच्या, उरलेल्या पावसाळ्यात कुजून जायच्या. यंदा हनुमान जयंतीला चंदेरी थर दिलेले द्रोण आणि ताटं होती, सोबत पाण्याची पाऊच. तीच बुंदी, तीच आलू-वांग्याची भाजी. दुसऱ्या दिवशी सकाळी राणी तिथून हलेना. द्रोणांना भाजीचं तेल लागलेलं, ती एकेक चाटत होती. पलीकडं एक गाय गाठ मारलेली पन्नी चावत उभी. मी ओढून काढली. आत पोळीचे तुकडे आणि भात, वर पक्की गाठ. कोणीतरी चांगल्या मनानं, अन्न वाया जाऊ नये म्हणून गाईसाठी बांधून ठेवलेली. गाईला गाठ सोडता येत नाही, ती सगळंच गिळते. प्लास्टिक तिच्या पोटात पचत नाही की पुढं सरकत नाही, तिथंच साचून गोळा होतो. आपले जनावरांचे डॉक्टर सांगतात, पोट फुगलेलं जनावर आणलं की हल्ली आधी हीच शंका येते. पोट फाडून काढावं लागतं, आणि तेवढं मालकाच्या लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. मला त्या पन्नीचा संताप आला, पण बांधणाऱ्या बाईचा येईना.

सगळ्यांना मी असं सोडत नाही. हायवेकडं नवीन मंगल कार्यालय झालं आहे, त्याचा मालक लग्नाचा सगळा कचरा रात्री ट्रॉलीत भरून रपट्याखाली ओततो. त्याच्याकडं ट्रॉली आहे, माणसं आहेत, पैसा आहे. हे अज्ञान नाही. त्याला दंड व्हायला हवा आणि तो होत नाही. कायदे कमी नाहीत बरं. मार्च 2018 मध्ये राज्यानं प्लास्टिकबंदी आणली, पहिल्या गुन्ह्याला 5000 रुपये दंड. 1 जुलै 2022 पासून देशभर प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे बंद. तंबाखू-पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकायचा नाही हे तर 2016 च्या केंद्राच्या नियमांत आहे. पण आपल्याकडं दंडाची पावती फाडतात ती बाजारात सांभारच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसलेल्या म्हातारीची. पन्न्यांचे गठ्ठे ज्या दुकानातून ती घेते तिथं कोणी जात नाही.

पांदणीकडची गोष्ट मला जास्त छळते. तिथं नाल्याच्या काठावर गेल्या हंगामातल्या औषधाच्या बाटल्या पडल्या आहेत. कपाशीवर फवारणी करताना लोक नाल्यातलं पाणी पंपात घेतात, औषध तिथंच मिसळतात आणि बाटली तिथंच सोडतात. राणीनं एकदा एक उलटीसुलटी केली. मी तिला ओढलं आणि बाटली काडीनं फिरवून पाहिली. लेबल अर्धं गेलेलं, पण लाल त्रिकोण शाबूत होता. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाड झाली ते आपण पेपरात रोज वाचत होतो. तीच औषधं इथं उघड्यावर पडलेली, आणि दुपारी पोरं याच नाल्यात खेकडे शोधतात. बाटली तीनदा खंगाळून, ते पाणी पंपातच ओतून, बाटलीला भोक पाडून ठेवायची, असं कृषी सहायक सांगून जातात. ठेवायची कुठं? घेणारं कोणी नाही. औषध विकणारा बाटली परत घेत नाही आणि भंगारवालाही हात लावत नाही. शेतकऱ्यानं ती घरात ठेवावी, लेकराबाळांच्या हाताशी? गड्या, त्याच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?

आता हे सगळं नाल्यात पडून राहतं असंही नाही. पावसाळ्यात पूर आला की धुऊन निघतं आणि लोक म्हणतात, नाला साफ झाला. आपल्या नाल्याचं पाणी धाम नदीला, तिथून वणेला, मग वर्धा नदीत. पुढं वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि सिरोंच्याकडं गोदावरीला मिळते. आपल्या बसस्टँडवरची पन्नी समुद्र गाठू शकते, वाटेत कुठल्या झाडाच्या मुळ्यांत अडकली नाही तर.

रस्ता झाडणाऱ्या ताईंशी माझी रोज दोन शब्द गाठ पडते. हातात मोजे नसतात. एकदा मी विचारलं, ओला-सुका वेगळा देतात का लोक? त्या म्हणाल्या, "देतेत ना भाऊ, काही घरवाले देतेत. पन गाडीत येगळा टाकला तरी तिकडं डेपोवर एकाच ढिगावर उलटा होते. मंग लोकं म्हनतेत, आमी कायले मेहनत कराव?" मला यावर काही बोलता आलं नाही. ज्यांनी वेगळा करून दिला त्यांचाही कचरा शेवटी एकत्र पेटतो. उघड्यावर जाळायला मनाई आहे, तरी डेपोवरचा धूर संध्याकाळी आपल्या शाळेपर्यंत येतो.

आपण दारूबंदीच्या, गांधी-विनोबांच्या वर्धा जिल्ह्यातले. पवनारहून विनोबा स्वातंत्र्याच्या सुमाराला रोज सुरगावला चालत जायचे, खांद्यावर फावडं टाकून, तिथली घाण उचलायला. आपल्या शाळेत हे सांगायचे, तुला आठवत असेल. एकदा पुरामुळं पलीकडं जाता येईना, तर ते अलीकडच्या काठावर थांबले आणि पलीकडच्या माणसाला ओरडून म्हणाले, देवळात जाऊन देवाला सांग, गावची सफाई करणारा आला होता, पुरामुळं अडला. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ते गावाला शिव्या देत नव्हते. कोणी सुधारो न सुधारो, ते त्यांचं रोजचं काम होतं, आणि ते काम बघत बघत गाव हळूहळू त्यांच्यासोबत आलं.

मी काही फावडं घेतलेलं नाही. चक्की सांभाळून जेवढं होतं तेवढं करतो. बसस्टँडच्या ठेलेवाल्याशी बोललो. तो म्हणाला, "गिऱ्हाईकानं डबी आनली त मले काय? पन्नीचे पैसे माह्येच वाचतेत." म्हणून चक्कीवर येणाऱ्या पोरांना सांगतो, सोडता येत नसेल तर निदान स्टीलच्या डबीत घ्या. काहींनी घेतली आहे. ठेल्याला तेलाचा रिकामा पिपा टांगायचं ठरलं आहे, तोही मी दिला. औषधाच्या बाटल्यांसाठी कृषी केंद्रवाल्यांकडं एक पेटी ठेवा म्हणून तिघांना भेटलो. एक तयार आहे, पण भरलेली पेटी पुढं कोण नेणार हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि तो सुटल्याशिवाय त्याला मी आग्रह करणार नाही.

महाप्रसादाचं मात्र होण्यासारखं आहे, आणि त्यात तुझी गरज आहे. स्टीलची ताटं, वाट्या, पेले एकदा घेऊन मंदिरात ठेवायचे. हनुमान जयंती, गणपती, घरची बारशी, तेरवी, ज्याला लागतील त्यानं न्यावीत आणि घासून परत आणावीत. आळीतल्या बायांना मी विचारलं. त्या घासायला तयार आहेत, फक्त पाण्याची सोय आणि एक मोठा हौद पाहिजे म्हणतात. बोअर मंदिरालगतच आहे. भाव मी नागपूरला इतवारीत काढून ठेवला आहे, वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडला आहे. अर्धे पैसे गावात जमतील. उरलेल्यासाठी तू तुमच्या पुण्यातल्या गाववाल्यांना विचार.

आणि दादांना फोन कर. मंदिराची समिती त्यांच्या शब्दावर चालते. माझं ते ऐकून घेतात, "बघू" म्हणतात आणि विषय मागं पडतो. तू धाकटा भाऊ, तुझं टाळता येणार नाही. समितीची बैठक पोळ्याच्या आधी असते, तेव्हा त्याआधी बोलणं व्हायला हवं. पोळ्याला तू येणारच आहेस, तर तेव्हाच ताटं आणायला आपण दोघं नागपूरला जाऊ.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे दुखतात पण सडा सोडत नाही.

तुझाच,
चक्कीवाला दोस्त