बोट नको, काठावरच बसू

व्हँकुव्हर, वॉशिंग्टन
२६ जुलै

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरात तू येतोयस हे कळल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. लेकीकडे राहा, नातवंडांत रम, पण महिन्याचा दुसरा आठवडा माझा, हे तिला आत्ताच सांगून ठेव. तुझ्या मेसेजमधली एकच गोष्ट मला पटली नाही. गाइडसकट बोट ठरवायची, पहाटे नदीच्या मध्यावर जायचं, सॅमन मिळाल्याशिवाय परतायचं नाही वगैरे. अरे, बोट नको. आपण काठावरच बसू. का, ते सांगायलाच हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

कोलंबिया नदी आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात उगम पावते आणि जवळजवळ २,००० किलोमीटर वाहून अस्टोरियापाशी पॅसिफिकला मिळते. आमचा काठ वॉशिंग्टन राज्यातला, समोरचा ओरेगनचा, मधे अफाट पाणी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मासा असणार तो मधे, खोलात. काठावरचा नवखा माणूस यावरूनच ओळखू येतो. अंगातला सगळा जोर लावून तो गळ जमेल तितका लांब फेकतो. पण चढणीचा मासा मधल्या धारेतून कशाला जाईल? गोड्या पाण्यात शिरला की सॅमन खाणं जवळजवळ सोडतो. समुद्रात अंगावर चढवलेल्या चरबीवर त्याला शेकडो किलोमीटर वर जायचंय, जोडी जमवायचीय, अंडी घालायचीयत. धारेशी झुंजून ती चरबी जाळणं त्याला परवडत नाही. म्हणून पुष्कळ मासे काठाकाठाने, जिथे ओढ कमी, अशा दीड-दोन पुरुष पाण्यातून चढतात. बोटवाले मध्यावर इंजिन फुरफुरवत असतात आणि मासा आमच्या खुर्च्यांसमोरून निघून जातो. पहिल्या पावसात तुमच्या वहाळातून शेतात चढणारे मासे तरी काय, बांधाची कडच धरतात ना!

या बसून गरवण्याला इथे प्लंकिंग म्हणतात. दहा-बारा फुटांची दणकट काठी, जाड तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, आणि टोकाला पिरॅमिडच्या आकाराचं दोन-अडीचशे ग्रॅमचं शिसं. ते वाळूत रुतून बसतं. शिशाच्या वर तीन फाट्यांची कडी, तिच्यातून निघालेला चारेक फुटांचा दोर आणि त्याच्या टोकाला गरी, म्हणजे आकडा. गरीच्या अलीकडे ओवलेला स्पिन-एन-ग्लो नावाचा हलका रंगीत भोवरा, दोन पातळ पंखांचा. प्रवाहात तो गरगर फिरतो आणि गरीला तळापासून उचलून धरतो. गरीला आमिष म्हणून वाळूतली कोळंबी. भूक नसलेला मासा तिला तोंड का लावतो, यावर काठावर रोज परिसंवाद चालतो. कुणी म्हणतं राग येतो, कुणी म्हणतं जुनी सवय. मला दोन्ही पटतं. शिसं मात्र मुख्य तंगुसापेक्षा कच्च्या दोराने बांधायचं, म्हणजे तळातल्या दगडात अडकलं तर तेवढंच तुटतं, बाकी सगळं परत येतं.

मग वाळूत ठोकलेल्या पाइपात काठी उभी करायची, शेंड्याला घंटी अडकवायची आणि बसायचं. घंटी वाजली की तू झडप घालणार, मी तुला ओळखतो. घालायची नाही. पहिले दोन झटके मासा नुसता चाचपत असतो. काठी पाण्याकडे वाकली आणि वाकलेलीच राहिली की उचलायची. तोवर शिशाच्या वजनाने गरी आपोआप बसलेली असते. ज्याला लागला तो ‘फिश ऑन!’ म्हणून ओरडतो आणि आजूबाजूचे मुकाट्याने आपापले तंगूस गुंडाळून घेतात, त्याला जागा देतात. हे कुठे लिहिलेलं नाही, पण जो गुंडाळत नाही त्याला पुढच्या वेळी कुणी चहासुद्धा विचारत नाही.

भरती-ओहोटीचं गणित तुला खाडीकाठच्या माणसाला शिकवायला नको. समुद्र इथून दीडशे किलोमीटरच्या वर, तरी पाणी रोज चढतं-उतरतं. भरतीला प्रवाह मंदावतो, भोवरा फिरायचा थांबतो, काठावर डबे उघडतात. ओहोटी लागली की सगळे पुन्हा सावध. म्हणजे आपण ओहोटी बघून निघायचं.

आपली जागा फ्रेंचमन्स बार. वाळूचा लांबलचक काठ, मागे कॉटनवूडची उंच झाडं, पलीकडे सॉव्ही बेट. इथे एक गोष्ट तुला आधीच सांगून ठेवतो, कारण पहिल्यांदा बघताना माणूस गाफील राहतो. या नदीतून समुद्रातली मोठी जहाजं जातात. पात्रात त्यांच्यासाठी ४३ फूट खोल वाट राखलेली आहे. वर गहू भरायला जाणारं रिकामं जहाज पाण्यावर उंच दिसतं, भरून परतणारं खाली दबलेलं. ते समोरून गेलं की आधी काहीच होत नाही. मग काठाचं पाणी आत ओढलं जातं, ओली वाळू उघडी पडते, शंखशिंपले दिसायला लागतात, पोरं ते वेचायला धावतात. नेमकं तेव्हाच मागे सरायचं असतं. क्षणात पाणी उलटून येतं आणि खुर्च्या, बादल्या, आमिषाचे डबे, सगळं घेऊन जातं. लहान पोरं अशा लाटेत सापडलेली आहेत, म्हणून जुनी माणसं जहाज दिसताच ओरडून सगळ्यांना उठवतात. नातवंडांना आणलंस तर त्यांचा हात सोडायचा नाही.

आता माणसं. बोटीत तू, मी आणि गाइड. तो दिवसभर घड्याळ बघणार. काठावर बघ. व्हिएतनामी, मेक्सिकन, लाओसहून आलेले, आणि रशियन-युक्रेनियन तर विचारू नकोस, या गावात त्यांची मोठी वस्ती आहे. इथलेच म्हातारे गोरे लोक शेकोटी पेटवून कॉफी उकळत बसतात. आमच्या नेहमीच्या जागेशेजारी एक युक्रेनियन आजी असतात. इंग्रजी बेताचं, माझं युक्रेनियन शून्य, तरी आमचं भांडण उत्तम चालतं. भांडणाचं कारण गाभोळी, म्हणजे मादीच्या पोटातली अंडी. इथले बरेच जण सॅमनची गाभोळी मीठ, साखर, बोरॅक्स लावून मुरवतात आणि आमिष म्हणून गरीला बांधतात. आजींना हे बघवत नाही. कुणी मादी साफ करायला बसला की त्या काचेची बरणी घेऊन शेजारी जाऊन उभ्या राहतात. नारिंगी, वाटाण्याएवढे दाणे जाळीवर हलक्या हाताने चोळून पडद्यातून सुटे करतात, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवतात, निथळतात आणि पावावर लोणी लावून वर पसरतात. मी एकदा त्यांना आपल्या पद्धतीची, हळद-तिखट लावून तव्यावर भाजलेली गाभोळी नेऊन दिली. त्यांनी खाल्ली, मान हलवली आणि ‘टू मच फायर’ म्हणाल्या. पण डबा रिकामा परत आला.

मासा मिळाला तर पहिलं काम म्हणजे पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडे असलेला छोटा मांसल पर बघायचा. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो कापून सोडलेला असतो. पर नसेल, कापल्याची भरलेली जागा असेल, तर त्या दिवसाच्या नियमात बसत असल्यास ठेवायचा. पर शाबूत असेल तर तो बहुधा नदीत जन्मलेला, आणि नियम सोडायला सांगत असेल तर सोडायचा. तोही पाण्याबाहेर पूर्ण न काढता. गेल्या पावसाळ्याआधी असा एक स्टीलहेड लागला होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून, शेपटीचा बुंधा एका हातात आणि पोट दुसऱ्या हातात घेऊन त्याचं तोंड प्रवाहाकडे धरलं. कल्ले उघडत-मिटत होते. कुशीवर फिकट गुलाबी झाक, आणि खवले इतके सैल की माझ्या तळव्यावर चांदी चिकटून राहिली. जरा दमात आल्यावर त्याने असा फटका मारला की मी चष्म्यापर्यंत भिजलो. हा स्टीलहेड म्हणजे दुसरा कुणी नव्हे, इंग्रजांनी निलगिरीत आणून सोडलेला रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन मोठा होऊन आलेला. सॅमन अंडी घालून मरतो, याच्यातले काही मात्र परत समुद्रात जातात आणि पुन्हा चढून येतात. अलीकडे त्याची संख्या इतकी घसरलीय की हॅचरीचा असला तरी काही महिने ठेवायला बंदी असते. बॉनव्हिल धरणावर २००१ साली सहा लाखांच्या वर स्टीलहेड मोजले गेले होते. २०२१ साली एक लाखसुद्धा भरले नाहीत. तेव्हा सप्टेंबरात आपला भर चिनूक आणि कोहो सॅमनवर.

मोजले म्हणजे खरोखर मोजले. बॉनव्हिल हे समुद्राकडून येताना या नदीवरचं पहिलं धरण, १९३८ सालचं. त्याला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट आहे आणि त्या वाटेला काचेची खिडकी. तिथून जाणाऱ्या माशांची जातवार मोजदाद होते आणि आकडे रोज जाहीर होतात. काठावरचे सगळे सकाळी पेपरआधी ते बघतात. आता गंमत अशी की धरण आमच्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर वर. तिथे मोजलेला मासा आमच्यासमोरून आधीच गेलेला असतो. एसटी निघून गेल्यावर कंट्रोलरने तिची वेळ सांगावी, तसले ते आकडे. तरी बघतो. आपण ती खिडकीही बघायला जाऊ; हिरवट पाण्यात काचेला घासून जाणारा आठ-दहा किलोचा चिनूक बघितलास की बोटीचं नाव काढणार नाहीस.

बॉनव्हिलच्या वर मात्र गोष्ट कडू होत जाते. एकामागून एक धरणं. ग्रँड कूली १९४२ साली पुरं झालं, त्याला माशांची वाटच ठेवली नाही. त्याच्या वर, कॅनडापर्यंत जाणारे ‘जून हॉग’ नावाचे चिनूक होते, चाळीस किलोच्या आसपासचे, ते संपले. वाशिष्ठीचं पाणी कोयनेच्या अवजलावर, म्हणजे पोफळीला वीज किती बनते त्यावर चढतं-उतरतं, असं तू नेहमी करवादतोस. इथेही तेच. मुंबईचा पंखा तिथे, सिएटलचा हीटर इथे. आयडाहोतल्या रेडफिश लेकला जाणारा सॉकाय सॅमन समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर जातो, आठ धरणं ओलांडतो आणि जवळजवळ दोन हजार मीटर उंची चढतो. १९९२ साली तिथवर एकच पोचला, नर. लोकांनी त्याचं नाव ‘लोनसम लॅरी’ ठेवलं. त्याच्या वीर्याचा उपयोग करून आणि इतर थोड्या उरलेल्यांना सांभाळून ती जात कशीबशी टिकवलीय.

आणि एक. काठावर कुणीतरी हमखास तुझ्या कानाशी येऊन इथल्या मूळ जमातींच्या जाळ्यांबद्दल कुरकुर करेल. तू मान डोलावू नकोस. याकामा, नेझ पर्स, युमाटिला आणि वॉर्म स्प्रिंग्ज या जमातींनी १८५५ च्या करारांत जमिनी दिल्या, पण नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. त्यांची सेलिलो धबधब्याची जागा, जिथे हजारो वर्षं लाकडी माचांवर उभं राहून मासे धरत, ती १० मार्च १९५७ ला डॅल्स धरणाच्या पाण्याखाली गेली. काही तासांत. त्यांना आठवड्यातून चार दिवस जाळं टाकायला मिळालं तर आम्हा खुर्चीवाल्यांचं काय जातं? कॅस्केड लॉक्स गावात पुलाखाली त्यांच्याकडूनच ताजा मासा विकत मिळतो. आपली घंटी वाजलीच नाही तर तिथून घेऊ आणि लेकीला सांगू की आपणच धरला. (तिने विचारलं तर, तेही दोनदा विचारलं तर, खरं सांगायचं.)

सॅमन नाही तर नाही, पण पाइकमिनो नावाचा एक मासा आहे, तो सॅमनची पिल्लं खातो म्हणून नऊ इंचांच्या वरचा आणून दिला की सरकारी योजनेतून सहा डॉलरपासून पुढे बक्षीस मिळतं. आधी नाव नोंदवावं लागतं. तुझा परतीचा विमानखर्च काही सुटणार नाही, चहापाणी सुटेल.

कामाचं. परवाना वॉशिंग्टनचा लागेल, कारण काठ वॉशिंग्टनचा. परगावच्यांना एक ते तीन दिवसांचाही मिळतो, तो आल्यावर काढू. मासा ठेवला की नोंद तिथल्या तिथे करायची, घरी जाऊन नव्हे. सीझन अचानक बंदही होतो, ठरलेला कोटा संपला की संध्याकाळी फर्मान निघतं, म्हणून आदल्या रात्री नियम बघितल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही. सामान सगळं माझ्याकडे आहे, तुझ्या काठ्या आणू नकोस. आमसुलं मिळतात, तिरफळं चांगली मिळत नाहीत. पावशेर आण आणि विमानतळावर फॉर्मात लिही. सॅमनच्या डोक्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, चरबी जास्त म्हणून खोबरं निम्मं, हा माझा प्रयोग तुला चाखायचाच आहे. वहिनींनी मसाला दिला तर नाही म्हणणार नाही.

रबरी बुटांचा एक जोड जास्तीचा आहे, नऊ नंबरचा. तुला होतो का कळव. नाहीतर दुकान गाठायला लागेल, आणि सीझनमध्ये दहाच्या पुढचे नंबर पटकन संपतात.

तुझा,
दिगू