जपानच्या सहलीत अर्धा दिवस साकेच्या नादा भागासाठी ठेवा

महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीतला जपानवरचा लेख वाचला. फुजी, क्योटोची देवळे, बुलेट ट्रेन, चेरीचा बहर, सगळ्याची माहिती नेटकी होती. साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेले जपानी मद्य; तिच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली, आणि तीही धाडस म्हणून एखादा घोट घेऊन बघावा, अशा सुराची. त्या ओळीबद्दल मला मनापासून लिहावेसे वाटले. माझी सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात कृषी खात्यात झाली आणि भात हेच माझे पीक. लेक-जावई कोबेला असतात, म्हणून हिवाळा सरताना तिथे मुक्काम घडला. तांदूळ, पाणी आणि मासळी यांवर वाढलेल्या आपल्या कोकणच्या माणसाने जपानला जावे आणि साके तिच्या गावात, तिथल्या जेवणासोबत न चाखता परत यावे, याची मला खरोखर हळहळ वाटते.

ओसाका आणि कोबे यांच्यामध्ये, रोक्को डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत नादा आहे. साके बनवणाऱ्या पाच जुन्या वस्त्या मिळून त्याला 'नादा गोगो' म्हणतात. जपानमधला साकेचा हा सर्वांत मोठा पट्टा. हान्शिन रेल्वेच्या गाडीने सुमियोशी, उओझाकी, मिकागे अशा साध्या स्टेशनांवर उतरायचे आणि चालत सुटायचे. मोठी घराणी इथेच आहेत: किकु मासामुने 1659 पासूनची, हाकुत्सुरू 1743 पासूनची. दोघांनीही जुनी अवजारे, लाकडी पिंपे, वाफवण्याची भांडी मांडून संग्रहालये केली आहेत आणि शेवटी चाखायलाही देतात. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात इथली कितीतरी जुनी लाकडी कोठारे कोसळली. त्यामुळे बाहेरून हा भाग पाटीवर लिहावे तसा 'प्राचीन' दिसत नाही. काँक्रीटच्या इमारती, बाजूने जाणारा हमरस्ता. आपल्या सहलींचे चालक बस न थांबवता पुढे जातात, ते बहुधा याचमुळे.

पण नादा का मोठे झाले, ते पाहण्यासारखे आहे. 1840 मध्ये यामामुरा ताझाएमोन नावाच्या साकेवाल्याची दोन ठिकाणी कोठारे होती, एक उओझाकीला आणि एक निशिनोमियाला. निशिनोमियाची साके दर वर्षी सरस उतरायची. त्याने तांदूळ सारखा केला, माणसे अदलाबदल केली, तरी फरक राहिलाच. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचे पाणी उओझाकीला नेऊन साके केली, आणि तीही तशीच सरस उतरली. त्या पाण्याला मियामिझू म्हणतात. ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेले पाणी आहे, त्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम भरपूर, त्यामुळे यीस्ट जोमाने काम करते. आणि लोह जवळजवळ नाही, जे साकेचा रंग आणि चव दोन्ही बिघडवते. एकेक घटक बदलून बघायची ही रीत आम्ही शेतावर प्रयोगाचे वाफे टाकून शिकलो. ती एका व्यावसायिकाने 1840 मध्ये स्वतःच्या खर्चाने केली, हे ऐकून मला फार आदर वाटला.

आता तांदूळ. तो रोक्कोच्या पलीकडे, ह्योगो प्रांताच्या आतल्या भागात पिकतो. यामादा निशिकी हे वाण ह्योगोच्या प्रयोग केंद्रावर 1923 मध्ये संकर करून तयार झाले आणि 1936 मध्ये त्याला हे नाव मिळाले. उंच वाढते, लोळते, उतारा कमी. आमच्याकडे असले वाण पहिल्या दोन हंगामांतच बाद झाले असते. पण त्याच्या टपोऱ्या दाण्याच्या पोटात एक पांढरा, अपारदर्शक गाभा असतो. एका संग्रहालयात काचेखाली ठेवलेल्या दाण्यांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. दाण्याच्या पोटातला पांढरा ठिपका हा आपल्याकडे दोष. भातगिरणीत असा दाणा तुटतो, कणी जास्त पडते, व्यापारी भाव पाडतो, आणि वाण निवडताना आम्ही तो टाळत आलो. तिथे याच ठिपक्यासाठी वाण जपतात, कारण तो भाग भुसभुशीत असतो, कोजी नावाच्या बुरशीचे तंतू त्यात खोल शिरतात आणि पिठुळाची साखर करतात. त्या साखरेचे मद्य यीस्ट त्याच पिंपात, त्याच वेळी करत असते. वाइनला ही खटपट नाही, द्राक्षात साखर आयतीच असते.

दाण्याचे वरचे थर प्रथिने आणि चरबीचे, त्यांनी चव जड होते, म्हणून तांदूळ घासून काढतात. गिंजो साकेला दाण्याचा 60 टक्के किंवा त्याहून कमी भाग उरलेला असावा लागतो, दाइगिंजोला 50 टक्के किंवा कमी. अर्धा दाणा घासायला दोन-तीन दिवस लागतात, घाई केली तर तो तापून तडकतो. बाटलीवर 'जुनमाई' लिहिले असेल तर वरून मद्यार्क घातलेला नाही, असे समजावे. एवढे ठाऊक असले की चाखायला बसताना माणूस भांबावत नाही.

चाखण्याचा पेला पांढऱ्या चिनीमातीचा, त्याच्या तळाला निळी वर्तुळे. पांढऱ्यावर रंग कळतो, निळ्याच्या काठावर साके निवळ आहे की गढूळ ते कळते. समोर हलकीपासून जडीकडे अशा क्रमाने पेले मांडतात. आधी वास घ्यायचा, मग चमचाभर घोट जिभेवर फिरवायचा. दाइगिंजोला सफरचंद-केळ्यासारखा फळांचा वास येतो, तो बहुतेकांना लगेच आवडतो. मला मात्र किमोतो पद्धतीची साके जास्त भावली. त्यात आंबवण्याची सुरुवात जुन्या रीतीने होते: वाफवलेला तांदूळ, कोजी आणि पाणी दांडक्यांनी रगडून हवेतल्या लॅक्टिक जिवाणूंना काम करू द्यायचे. हिवाळ्याच्या रात्री तांबा भागातून आलेले शेतकरी-कारागीर ही रगडणी गाणी म्हणत करायचे. भाताची कापणी आटोपली की ते नादाला यायचे आणि वसंतात आपल्या शेतावर परतायचे. चवीला ही साके कोरडी, किंचित आंबट, पोटात खोल उतरणारी.

नुसते चाखून मी तिथून निघाले असते, तर निम्मी गंमत हुकली असती. लेकीने आम्हाला स्टेशनाजवळच्या एका छोट्या खाणावळीत नेले. फळकुटाच्या टेबलावर पहिल्यांदा आले इकानागोचे कुगिनी. इकानागो म्हणजे बोटाच्या पेराएवढी चिमुकली मासळी. सोया सॉस, साखर आणि आले घालून आटवलेली, रंगाने तपकिरी, वाकलेल्या गंजक्या खिळ्यांसारखी. कोबे-आकाशीच्या घराघरांत वसंताच्या सुरुवातीला बायका हे शिजवतात आणि डबे भरून नातेवाइकांना धाडतात. अलीकडे ही मासळी इतकी घटली आहे की तिचा हंगाम काही दिवसांवर येऊन ठेपला आहे. खाणावळीच्या मालकीणबाई चिमूटभरच वाढत होत्या. गोडसर, खारट, आल्याचा झटका. त्यावर कोरड्या साकेचा घोट घेतला की गोडवा पुसला जातो आणि मासळीची चव पुन्हा वर येते. मग पुढचा घास.

त्यानंतर कासुजिरू. साके गाळल्यावर जो चोथा उरतो तो कासु. तो फेकत नाहीत. खारवलेला सामन मासा, मुळा, गाजर यांच्या रश्श्यात तो विरघळवून दाट, पांढरे कालवण करतात. यासोबत साके साधारण 40 अंशांपर्यंत कोमट करून दिली. वास्तविक एकाच पिंपातून आलेल्या दोन वस्तू, एक वाडग्यात आणि एक पेल्यात. त्या थंडीत असे जेवण पोटात गेल्यावर मला जे समाधान वाटले, ते कुठल्याही मोठ्या हॉटेलात वाटले नाही.

मासळीशी साके इतकी का जमते याला कारण आहे. वाइनमधल्या लोहामुळे मासळी खाताना तोंडात कधी कधी उग्र हिवस वास उठतो. साकेत लोह नगण्य असते. आंबटपणाही वाइनपेक्षा पुष्कळ कमी, आणि तांदळाच्या प्रथिनांतून आलेली अमिनो आम्ले भरपूर, जी माशाच्या आणि समुद्री शेवाळाच्या रश्श्याच्या चवीला उचलून धरतात. म्हणजे लोह नसलेल्या पाण्याच्या विहिरी आणि समोरच्या समुद्रातली मासळी, दोन्ही एका ताटात येतात. बाटली मुंबईत आणून फरसाणासोबत उघडली, तर यातले काही कळणार नाही.

माझे यजमान मद्य घेत नाहीत, आणि त्यांचा दिवस वाया गेला नाही. त्यांनी कोजीपासून केलेले अमाझाके घेतले, गरम, गोड, मद्यविरहित. मात्र अमाझाके कासुपासूनही करतात आणि त्यात थोडे मद्य असू शकते, म्हणून विचारून घ्यावे. नाराझुके हे कासुमध्ये मुरवलेले लोणचेही मद्याचा अंश धरून असते. शाकाहारी मंडळींना अडचण रश्श्याची येते, कारण तो बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो. शेवाळाचा, म्हणजे कोंबूचा रस्सा आहे का, असे आधीच विचारावे; मिसो (सोयाबीन आंबवून केलेले वाटण) लावून भाजलेले वांगे आणि तोफू साकेसोबत उत्तम लागतात, पण त्या मिसोतही माशाचा रस्सा नाही ना, याची खातरी करून घ्यावी.

साके साधारण 15-16 टक्के मद्याची असते, बिअरसारखी रिचवायची वस्तू नव्हे. जपानी लोक मधून मधून साधे पाणी पितात, तसे प्यावे. घोट चाखून थुंकण्यासाठी भांडे मागितले तर कोणाला गैर वाटत नाही. वयाची अट 20 वर्षांची. गाडी चालवून जाऊ नये. पिऊन चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही तिथे शिक्षा होते. रेल्वे दाराशी आहे.

नादाला जमत नसेल तर हिरोशिमाजवळचे साइजो आहे. स्टेशनापासून चालत जाण्याच्या टप्प्यात अनेक साकेघरे, आणि सोबत हिरोशिमाचे कालव. क्योटोला जाणाऱ्यांना फुशिमी जवळ पडते. निइगाताच्या बाजूला एचिगो-युझावा स्टेशनातच नाणे टाकून चाखायची यंत्रे आहेत, सोबत वेगवेगळी मिठे आणि मिसो. तिथे गर्दी असते, पण गाडी बदलायला तासभर असेल तर तो छान जातो.

आपल्याकडेही नाशिकला द्राक्षबागांतून वाइन चाखायला लोक हौसेने जातात. तिथे मात्र समोर पिझ्झा आणि चीज येते. नाशिकच्या मातीतले काहीतरी त्या पेल्याशेजारी ठेवून बघायची हौस कोणा बागवाल्याने करावी, असे मला नादाला बसल्यावर सारखे वाटत होते. गोव्यात काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; ती किसमूर किंवा सुक्या बांगड्यासोबत, ती जिथे गाळतात त्या गावी बसून चाखायची सोय पर्यटकाला सहज सापडायला हवी.

जपानमध्ये साकेचा खप 1973 च्या सुमारास शिखरावर होता, तेव्हापासून तो उतरतोच आहे आणि लहान साकेघरे बंद पडत आहेत. कोजी वापरून साके करण्याच्या पारंपरिक कलेला डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मानाने पोट भरत नाही. गिऱ्हाईक दारात येणे गरजेचे असते.

म्हणून पुरवणीच्या संपादकांना माझी विनंती आहे. जपानचा पुढचा कार्यक्रम छापाल तेव्हा ओसाकाच्या मुक्कामात अर्धा दिवस नादाचा घाला. एका पर्यटन कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत कोबेला फक्त भारतीय जेवणासाठी थांबा दाखवलेला मी पाहिला. संध्याकाळी वरण-भात जरूर द्या, वयस्कर मंडळींना तो लागतो, मलाही लागतो. दुपारचे एक जेवण मात्र तिथल्या खाणावळीत होऊ द्या. हंगाम ऑक्टोबर ते मार्च धरा: त्या दिवसांत साकेघरे कामात असतात, नवी साके येते, दारावर टांगलेला सीडरच्या डहाळ्यांचा गोळा ताजा हिरवा असतो, आणि खाणावळींत कासुजिरू मिळते. भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यातही ही जागा असावी, असे मी माझ्या जुन्या खात्यालाही स्वतंत्रपणे लिहिले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मंडळ कृषी अधिकारी
पेण, जि. रायगड