'ब्लॅकफिश' म्हणजे नेमका कोणता?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील सागरी जीवांवरच्या लेखात 'ब्लॅकफिश' हे नाव वारंवार आले. पण जीव कोणता, ते शेवटपर्यंत कळले नाही. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

हे एका जातीचे नाव नाहीच. अलास्का आणि सायबेरियातल्या दलदलीत राहणारा डॅलिया पेक्टोरॅलिस हा एक ब्लॅकफिश. त्याची अन्ननलिका हवेतला प्राणवायू शोषू शकते, त्यामुळे प्राणवायू संपत आलेल्या पाण्यातही तो तगतो. (या माशावर स्वतंत्र लेख जरूर द्यावा.) अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ब्लॅकफिश म्हणजे टॉटॉग, भक्कम दातांनी शिंपले फोडणारा. कॅलिफोर्नियात हेच नाव कार्पच्या नात्यातल्या माशाला, तर आग्नेय ऑस्ट्रेलियात नदीतल्या गॅडॉप्सिस माशाला. गडद रंग सोडला तर यांच्यात जवळचे नाते नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. खलाशी पायलट व्हेल आणि ऑर्का (किलर व्हेल) यांनाही ब्लॅकफिश म्हणत आले. हे तर डॉल्फिन कुळातले सस्तन प्राणी! फुप्फुसाने श्वास घेतात, पिलांना दूध पाजतात. त्यांना 'मासा' म्हणून छापले की मुले तेच खरे धरतात.

बोलीतले नाव जरूर ठेवा, त्यात मच्छीमारांची नजर असते. पण स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली प्राण्यांसाठी रूढ केलेल्या पद्धतीचे दोन शब्दांचे शास्त्रीय नाव आणि प्रदेश एकदा तरी सोबत द्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका