आईच्या कॅलेंडरवरच्या फुल्या

पुणे, शनिवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

लॅपटॉप दुरुस्त झाला. उद्या काकूंचा मुलगा दापोलीला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतेय. बाबा, तुम्हाला कुठलीही गोष्ट कागदावर असली की बरं वाटतं, म्हणून फोनवर न सांगता लिहितेय.

आधी एक सांगते. तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. "माझ्याकडून भलतंच बटण दाबलं गेलं असणार," असं आईला म्हणालात आणि तीन आठवडे मला पत्ता लागू दिला नाहीत. दुकानदाराने मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला म्हणून १४ हजार सांगितले, तेव्हाही नाही. बाबा, मदरबोर्ड ठणठणीत आहे. पण तुम्ही इतके दिवस मनाला लावून घेतलंत, याचंच मला फार वाईट वाटलं.

खरं तर बिघाड दोन होते. एकाच सुमारास सुरू झाले, म्हणून एकच वाटले. स्क्रीनवर थरथरणाऱ्या हिरव्या रेघा ही एक गोष्ट, आणि चालता चालता बंद पडून आपोआप पुन्हा चालू होणं ही दुसरी. मीही पहिली संध्याकाळ दोन्हींचं एकच कारण शोधण्यात घालवली.

रेघांसाठी लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला. लॅपटॉपवर रेघा, टीव्हीवर मात्र चित्र स्वच्छ. म्हणजे चित्र तयार करणारा भाग चांगला आहे. ते स्क्रीनपर्यंत पोचताना बिघडतंय. मग बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये गेले. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं, तरी रेघा होत्याच, म्हणजे विंडोजचा किंवा ड्रायव्हरचा (विंडोजमधून स्क्रीन चालवणाऱ्या प्रोग्रामचा) दोष नाही. शेवटी झाकण सावकाश मागेपुढे केलं. एका ठरावीक कोनात रेघा नाहीशा व्हायच्या, जरा मागे नेलं की परत. मदरबोर्डपासून स्क्रीनपर्यंत एक बारीक केबल बिजागरीतून जाते, ती तिथेच चेपून झिजली होती. नवी बसवली, १,४०० रुपयांत काम झालं. झाकण उघडताना ते मधोमध धरा. कोपऱ्याला धरलं की एकाच बिजागरीवर ताण येतो.

बंद पडण्याचं कोडं मात्र आईने सोडवलं.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून एक नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक वेळची नोंद होती, 'कर्नल-पॉवर ४१'. तिचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर शट डाउन न होता बंद पडलं. का पडलं, ते ती सांगत नाही. रॅमची, म्हणजे चालू कामाच्या मेमरीची, तपासणी रात्रभर लावून ठेवली, एकही चूक सापडली नाही. बॅटरी फुगली आहे का तेही पाहिलं, नाही. मी अडले होते.

मग पिशवीत घडी घातलेलं कॅलेंडरचं पान सापडलं. आई, दुधाच्या हिशेबाखाली तू बारीक फुल्या मारून वेळा लिहिल्या होत्यास. 'दु. ३.१०', 'दु. ३.२५', एका ठिकाणी नुसतं 'ओम बोलताना'. ते पान नोंदींशेजारी धरलं. नऊ फुल्या, नऊ नोंदी, वेळा जुळल्या. आणि सगळ्या दुपारी तीन ते चारमधल्या! सकाळी बाबा तासन्‌तास टाइप करतात, तेव्हा एकही नाही.

फरक काय? सकाळी लॅपटॉप टेबलावर असतो. दुपारी ओमचा व्हिडिओ कॉल तू पलंगावर, गोधडीवर ठेवून घेतेस. हवा आत घ्यायच्या फटी तळाला असतात, त्या गोधडीने बुजतात. व्हिडिओ कॉलला मशीनला मेहनतही जास्त पडते. फार तापलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. त्यानेही भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन वीज तोडतं. कधी तापल्यामुळे काम अडखळतं आणि विंडोजच रीस्टार्ट करतं.

तळ उघडला. पंखा आणि त्याच्यापुढच्या तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये नमद्यासारखा जाड थर बसला होता. चिमट्याने काढला तर अखंड निघाला. धूळ, कापूस, आणि त्यात आजीच्या लुगड्याचा एक लाल दोरा. ती गोधडी तिच्याच लुगड्यांची ना! दोरा मी जपून ठेवलाय. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. आधी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत ९८ अंश व्हायचं. काल तासभर ओमला बोलायला बसवलं, ७१ च्या वर गेलं नाही.

तर आई, गोधडी तुझ्या पायांवर असू दे, लॅपटॉप पाटावर ठेव. माळ्यावरचा लाकडी पाट अगदी मापाचा आहे.

विंडोजचा आपोआप रीस्टार्ट मी बंद केलाय. पुन्हा कधी एरर आली तर अक्षरं तशीच पडद्यावर थांबतील. फोनने फोटो काढा आणि मला पाठवा, मग पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर मात्र खालची बॅटरी फुगली असेल; चार्जर काढा, लॅपटॉप वापरू नका आणि दाबूनही बघू नका. तेव्हा वेळ बघायची नाही, रात्री दोन वाजता फोन केलात तरी चालेल.

बाबा, आणखी एक. आजोबांच्या वहीतल्या भजनांची अकरा पानं गेली म्हणून तुम्ही ती पुन्हा हाताने लिहायला घेतलीत, असं आई म्हणाली. पानं गेलेली नाहीत. वर्ड दर दहा मिनिटांनी एक प्रत आपल्याजवळ ठेवतं, तिच्यात मिळाली. शेवटच्या भजनाच्या दोनच ओळी कमी आहेत. फाइल डेस्कटॉपवर आहे, 'आजोबांची वही' नावाने. एक प्रत पिशवीतल्या निळ्या पेन ड्राइव्हवर, एक माझ्याकडे. त्या दोन ओळी टाइप केल्यात की मला पाठवा, माझ्या प्रतीत घालते.

सोमवारी तीन वाजता ओम कॉल लावेल. त्याला पहिला दात पडल्याचं तुम्हाला दाखवायचंय, मागच्या वेळी नेमकं तेव्हाच बंद पडलं होतं.

तुमची,
मनू