पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर वजन कधी आणि किती?

महोदय,

डोळ्याचा पडदा सुटल्यावर, म्हणजे रेटिनल डिटॅचमेंटची शस्त्रक्रिया झाल्यावर, रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कार्डावर बहुधा एकच ओळ असते : ‘जड वजन उचलू नये.’ जड म्हणजे किती आणि किती दिवस, हे त्यात नसते. मग तालमीतला मुलगा पंधरा दिवसांत पुन्हा बारखाली जातो आणि बाजार समितीतला हमाल धास्तीने कामच सोडून बसतो. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे.

पडद्याला पडलेले छिद्र लेझरने किंवा गोठवून बंद करतात. ती जागा घट्ट धरायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर पडदा जागेवर राहावा म्हणून डोळ्यात गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात, काहींना बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवतात. एसएफ-६ हा गॅस सुमारे दोन आठवड्यांत विरतो, सी-३-एफ-८ सहा ते आठ आठवडे टिकतो. तेल मात्र आपोआप जात नाही, ते काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावे लागते. त्यामुळे शेजाऱ्याला सहा आठवड्यांनी जिमची परवानगी मिळाली म्हणून ती आपल्यालाही लागू होत नाही.

गॅस किती उरला, हे रुग्णाला स्वतःला दिसते. नजरेत वरून खाली सरकत जाणारी, हलणारी एक आडवी रेघ असते. रेघेच्या वरचे स्पष्ट दिसू लागते, खालचे धूसर राहते. शेवटी तळाशी काळ्या कडेचा छोटा गोल उरतो आणि एक दिवस तोही नाहीसा होतो. तो जाईपर्यंत विमानप्रवास पूर्ण बंद. मुंबईत शस्त्रक्रिया करून बोरघाटाने गावी परतणाऱ्यांनीही आधी सर्जनला विचारावे, कारण उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. या काळात दुसरी कुठली शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना डोळ्यात गॅस असल्याचे आवर्जून सांगावे. नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो.

व्यायामात वजनाइतकाच धोका कोंडलेल्या श्वासाचा असतो. बेंच प्रेसमध्ये बार छातीवरून वर नेताना दम रोखला की छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून परतणारे रक्त तुंबते आणि डोळ्यातला दाब चढतो. निरोगी डोळा हे सोसतो. नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात स्टेरॉइडच्या थेंबांमुळे दाब आधीच वाढलेला असू शकतो, शिवाय रक्तस्रावाची भीती असते. त्याहून वाईट म्हणजे डोके खाली जाणारे प्रकार. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, हे चेन्नईतल्या अभ्यासात मोजले गेले आहे. तेव्हा शीर्षासन, मल्लखांब, डिक्लाइन बेंच आणि डोके खाली नेणारे जोर सर्वांत शेवटी, तेही सर्जनने होकार दिला तरच.

पहिले दोन आठवडे सांगितलेल्या स्थितीत डोके ठेवायचे आणि सपाट जागी चालायचे, एवढाच व्यायाम. पुढे गॅस जाईपर्यंत पाच किलोंच्या वर काही नाही. घरचा भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो, तोही यात आलाच. बद्धकोष्ठतेचा जोर आणि खोकलाही वेळीच आवरावा. गॅस गेला, बाहुली मोठी करून पडदा तपासला, दाब ठीक निघाला आणि सर्जनने होकार दिला, की बसून करायच्या मशीनवर किंवा हलक्या डंबेलवर सुरुवात करावी. पूर्वीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाने, बारा ते पंधरा आवर्तने, वजन उचलताना श्वास सोडत, आणखी तीन-चार निघतील असे वाटत असतानाच थांबायचे. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको. एकदाच जास्तीत जास्त उचलून पाहण्याचा हट्ट कायमचा सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रबरी रेझिस्टन्स बँड निरुपद्रवी वाटतो, पण सुटून थेट डोळ्यावर बसला तर पडदा पुन्हा फाटू शकतो. वापरायचाच असेल तर पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावून. कुस्ती, कबड्डी आणि बॉक्सिंगचा विषय तर सर्जनशी बोलल्याशिवाय काढूच नये.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. पडदा पुन्हा सुटतो तो बहुतेक वेळा वजनामुळे नव्हे, तर त्यावर तयार होणाऱ्या आकसणाऱ्या पापुद्र्यामुळे, आणि तेही मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून व्यायाम बंद ठेवला तरी तपासण्या चुकवून चालत नाही. रोज सकाळी एकेक डोळा झाकून पाहावे. नवे काळे ठिपके, वीज चमकल्यासारखा भास किंवा कडेने सरकणारी सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुखत नाही म्हणून थांबू नये, पडदा सुटताना दुखत नाही. गॅस किंवा तेल असताना डोळा ठणकला आणि मळमळले, तर दाब चढल्याची शंका घ्यावी आणि तडक रुग्णालय गाठावे. जाड नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी दुसऱ्या डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा.

रुग्णालयांनी कार्डावर शस्त्रक्रियेचा प्रकार, गॅसचे नाव किंवा तेल, वजनाची मर्यादा किलोंमध्ये आणि ती कोणत्या तारखेपर्यंत, एवढे छापावे. पन्नास किलोंची पोती वाहणाऱ्याला हेच मराठीत, सही-शिक्क्यासह लिहून मिळाले, तर माथाडी मंडळाकडे तेवढ्या मुदतीपुरते मोजणीचे किंवा नोंदीचे हलके काम मागता येईल.

— नेत्रतज्ज्ञ व व्यायाम प्रशिक्षक, कोल्हापूर